वाचनालयातल्या जुन्या पीसींसाठी लिनक्सवर चालणारं वायफाय डोंगल : नेमकं काय बघून घ्यायचं?

पारावरचा वाचक | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

वाई तालुक्यातल्या आमच्या गावात एका जुन्या वाड्यात सार्वजनिक वाचनालय चालतं. संध्याकाळचे दोन तास मी तिथे बसतो. पुण्यातल्या एका ऑफिसने त्यांचे चार जुने डेस्कटॉप आम्हाला दिले. चौथ्या पिढीचे आय-थ्री, रॅम ८ जीबी, हार्ड डिस्क काढून घेतलेल्या. विंडोज ११ त्यांवर अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ती अडगळ होती. आम्ही वर्गणी काढून चार एसएसडी घेतल्या, लिनक्स मिंट २१.३ टाकलं. मशीन इतकी छान चालताहेत की गावातला एक रिटायर्ड गुरुजी रोज येऊन मराठी टायपिंग शिकतोय.

अडलंय ते नेटपाशी. राउटर पुढच्या खोलीत, पीसी मागच्या खोलीत, मध्ये दीड हात जाडीची दगडी भिंत. भिंतीला भोक पाडायला ट्रस्ट तयार नाही. वाडा जुना आहे, त्यांचं म्हणणं मलाही पटतं. पीसींना मुळात वायफाय नाही.

मागच्या रविवारी पुण्याला गेलो होतो, तेव्हा तपकीर गल्लीतून चार छोटी यूएसबी डोंगल आणली. चारही एकाच कंपनीची, एकसारखी खोकी, खोक्यावर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींचा उल्लेख. घरी येऊन लावली तर एकच चाललं. तेही लावल्या लावल्या, काही न करता. उरलेली तीन लावली की डेस्कटॉपवर सीडीचं चित्र येतं, उघडलं तर आत विंडोजची सेटअप फाइल. वायफायचा पत्ता नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, सोबतच्या छोट्या सीडीत लिनक्सचा ड्रायव्हर आहे. आमच्या एकाही पीसीला सीडी ड्राइव्ह नाही.

एकसारख्या खोक्यातली चार डोंगल वेगळी कशी वागतात? आहेत ती चालवता येतील का? नसतील तर कोणतं घेऊ? पैसे वर्गणीचे आहेत, म्हणून पुन्हा चूक करायची नाहीये.

सुपारीची बाग | शनिवार, रात्री ९.४२

आधी एक करा. टर्मिनल उघडा आणि एलएसयूएसबी टाईप करा. (कमांड मी इथे देवनागरीत लिहितेय, तिथे इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.) चालणारं डोंगल लावून एकदा आणि न चालणारं लावून एकदा. प्रत्येक ओळीत 'आयडी' च्या पुढे चार अक्षरं, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग पुन्हा चार अक्षरं असतात. तेवढी इथे लिहा. खोक्यावरचं नाव, मॉडेल, कंपनी काहीही नको.

आणि यूनेम, मग जागा, मग उणे-आर ही कमांड देऊन कर्नल (लिनक्सचा गाभा) कोणता ते सांगा.

पारावरचा वाचक | रविवार, सकाळी ११.०५

ताई, आज वाचनालय उघडून चारही बघितली.

चालणारं : १४८एफ:७६०१. पुढे रालिंक असं नाव आहे.
न चालणारी तीन : तिन्ही ०बीडीए:१ए२बी. पुढे रिअलटेक.
कर्नल ५.१५ चा आहे.

म्हणजे एकाच खोक्यात दोन वेगळ्या कंपन्या?

सुपारीची बाग | रविवार, दुपारी १२.३०

हो. आणि तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या आठ अक्षरांत आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण हाच घोळ मी आमच्या शाळेच्या लॅबमध्ये दोन वर्षं निस्तरलाय.

खोक्यावर ज्या कंपनीचं नाव असतं ती बहुतेकदा फक्त प्लॅस्टिक, छपाई आणि वितरण बघते. आतली चिप दुसऱ्याची. यूएसबी वायफायच्या चिपा बनवणारे मोजकेच : रिअलटेक, मीडियाटेक, आणि जुन्या मालात अथेरॉस. रालिंक ही कंपनी २०११ मध्ये मीडियाटेकने घेतली, म्हणून तुमच्या चालणाऱ्या डोंगलवर जुनं नाव दिसतंय. ती चिप आहे एमटी७६०१यू.

लिनक्सला फक्त चिप कळते. चिपशी बोलणारा ड्रायव्हर कर्नलच्या आतच असेल, तर डोंगल लावताक्षणी चालतं. एमटी७६०१यू चा ड्रायव्हर २०१५ पासून, म्हणजे ४.२ कर्नलपासून आत आहे. सोबत फर्मवेअरची एक छोटी फाइल लागते, जी ड्रायव्हर चिपमध्ये भरतो. ती मिंटमध्ये आधीच असते. डेबियन नावाचं दुसरं लिनक्स वापरणाऱ्यांना पूर्वी ती वेगळी शोधावी लागायची. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अशी फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबरच येतात. नवख्या माणसाचा अर्धा त्रास तिथेच संपला.

आता तुमची उरलेली तीन. ०बीडीए म्हणजे रिअलटेक. पण १ए२बी हा वायफायचा नंबरच नाही! ते डोंगल सध्या सीडी ड्राइव्ह असल्याचं सांगतंय. विंडोजवाल्यांना ड्रायव्हर शोधायला लागू नये म्हणून आतल्या छोट्या मेमरीत ड्रायव्हर भरून ते आधी सीडी म्हणून उघडतं. ड्रायव्हर चढला की मग वायफायचं रूप घेतं. खोक्यावर 'फ्री ड्रायव्हर' किंवा 'ड्रायव्हर टाकायची गरज नाही' असं लिहिलेलं असेल तर बहुतेकदा हीच तऱ्हा असते.

तेव्हा डेस्कटॉपवरच्या त्या सीडीच्या चित्रावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करा. पाच सेकंद थांबा. पुन्हा एलएसयूएसबी द्या. नंबर बदललेला दिसेल. तो खरा नंबर. तो सांगा, मग पुढचं बोलू.

गल्लीतला मेकॅनिक | रविवार, दुपारी २.१५

एकसारख्या खोक्यांबद्दल. मी पंधरा वर्षं लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीचं काम करतोय. मॉडेलचं नाव तेच ठेवून आतली चिप बदलणं या धंद्यात रोजचं आहे. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एनचं उदाहरण लिनक्सवाल्यांच्या तोंडी असतंच. त्याच्या व्हर्जन १ मध्ये अथेरॉसची एआर९२७१ होती. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेच, पण तिचं फर्मवेअरसुद्धा खुलं आहे, जे फार थोड्या वायफाय चिपांबाबत म्हणता येतं. व्हर्जन २ पासून आत रिअलटेक आली. नाव तेच. जुन्या लेखात 'हे घ्या, डोळे मिटून चालतं' वाचून लोक आज दुकानात येतात आणि हाती व्हर्जन ३ पडतं.

म्हणून ऑनलाइन रिव्ह्यूत 'उबुंटूवर मस्त चाललं' लिहिलेलं असलं तर तारीख बघा, आणि लिहिणाऱ्याने चिपचं नाव दिलंय का ते बघा. नाव नसेल तर तो रिव्ह्यू खरेदीसाठी कामाचा नाही. दुकानात घेत असाल तर लॅपटॉप सोबत न्या, काउंटरवर लावून नंबर बघा. मी माझ्या गिऱ्हाइकांना हे आपणहून करून देतो. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

त्या छोट्या सीडीच्या नादी लागू नका. त्यात 'लिनक्स' नावाचा फोल्डर असतो खरा, पण आत बहुतेकदा फार जुन्या कर्नलसाठी लिहिलेला सोर्स कोड असतो. तुमच्या ५.१५ वर तो कंपाइल होणार नाही, म्हणजे त्यातून चालणारा ड्रायव्हर तयार होणार नाही.

चहापोळी | रविवार, दुपारी ३.००

इतकं करण्यापेक्षा दारातून एक लॅन केबल टाकून मागच्या खोलीत नेटवर्कचा स्विच बसवला तर? केबल शंभर मीटरपर्यंत चालते.

पारावरचा वाचक | रविवार, सायंकाळी ७.२०

@चहापोळी, तो विचार झाला होता. दोन खोल्यांमधल्या दाराला उंच उंबरा आहे आणि येणारे निम्मे वाचक सत्तरीच्या पुढचे. एकदा तात्पुरती केबल टाकली तर एक आजोबा अडखळले, नशिबाने पडले नाहीत. त्यानंतर वायर नाही असं मीच ठरवलं.

@सुपारीची बाग, ताई, इजेक्ट केलं आणि खरंच नंबर बदलला! तिन्हींचा आता ०बीडीए:सी८११ दिसतो. वायफाय मात्र अजून नाही.

सुपारीची बाग | रविवार, रात्री ८.०५

छान. ही आरटीएल८८२१सीयूच्या कुटुंबातली. वाईट चिप नाही. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही पकडते. अडचण एवढीच की यूएसबीवर तिला चालवणारा ड्रायव्हर कर्नलच्या आत आला ६.२ मध्ये, फेब्रुवारी २०२३ ला. तुमचा ५.१५ त्याच्या आधीचा. म्हणून डोंगल स्वतःची खरी ओळख सांगतंय, पण समोर ती भाषा येणारं कुणी नाही.

मिंट २१.३ सोडायची गरज नाही. अपडेट मॅनेजर उघडा, वर 'व्ह्यू' मेनूत 'लिनक्स कर्नल्स' आहे. तिथे ६.८ ची मालिका दिसेल, ती टाका, मशीन रीस्टार्ट करा. जुना ५.१५ काढू नका, राहू द्या. काही बिनसलं तर सुरुवातीच्या यादीतून त्यात परत जाता येतं.

आता नेट नसताना कर्नल उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने पीसीला जोडा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला यासाठी काहीही टाकावं लागत नाही, लॅन केबल लावल्यासारखं नेट सुरू होतं. मोबाइल डेटाही जाणार नाही, कारण फोन राउटरच्या वायफायला जोडलेला असेल तर तेच नेट तो केबलने पुढे देतो. मी हे लॅबमधल्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवते. ज्याच्याकडे फोन आणि केबल आहे, त्याचं लिनक्स नेटअभावी कधी अडत नाही.

आणि सीडीचं चित्र दर वेळी हाताने इजेक्ट करायला लागू नये म्हणून यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका.

निळा शाईपेन | सोमवार, सकाळी ७.५०

कर्नल बदलण्याआधी कुणी 'गिटहबवरून (लोक आपला कोड ठेवतात त्या साइटवरून) ड्रायव्हर उतरवा, दोन मिनिटांचं काम आहे' असं सुचवेल, म्हणून घाईने लिहितेय. ते करू नका. निदान वाचनालयात तरी नाही.

माझ्या घरी असंच रिअलटेकचं डोंगल होतं, ज्याचा ड्रायव्हर तेव्हा कर्नलमध्ये नव्हता. गिटहबवरून घेऊन डीकेएमएसने बसवला. डीकेएमएस म्हणजे कर्नल अपडेट झाला की तो ड्रायव्हर आपोआप पुन्हा कंपाइल करणारी व्यवस्था. वर्षभर सुरळीत चाललं. मग एका सकाळी अपडेट आला, नव्या कर्नलमध्ये आतलं एक फंक्शन बदललेलं होतं, ड्रायव्हर कंपाइल झाला नाही आणि वायफाय गेलं. तो दिवस मुलाचा प्रवेश अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. जुन्या कर्नलमध्ये जाऊन अर्ज भरला, पण ते सुचेपर्यंतचे दोन तास मी विसरलेले नाही.

लिनक्समध्ये कर्नलच्या आतली रचना सतत बदलते आणि हे ठरवून आहे. जो ती बदलतो त्यानेच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर त्याबरोबर दुरुस्त करायचे असा तिथला रिवाज. जो ड्रायव्हर बाहेर राहिला त्याची काळजी घेणं त्या रिवाजात बसत नाही. कुणीतरी एकटा माणूस रात्री जागून तो दुरुस्त करत असतो, आणि अशा माणसांचे माझ्यावर खरंच उपकार आहेत. पण तुमच्या मागे वाचनालय कोण चालवणार आणि त्याला डीकेएमएस माहीत असेल का, हा विचार करा.

शिवाय सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी पीसीची सोय) चालू असेल तर बाहेरचा ड्रायव्हर सही केल्याशिवाय चढतच नाही. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड मागतात, रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, तिथे तोच पासवर्ड देऊन चावी नोंदवायची असते. तो पडदा बघून घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबणारे मी कितीतरी पाहिलेत. मग ड्रायव्हर असूनही चालत नाही आणि का ते कळत नाही.

मांडवीकाठ | सोमवार, सकाळी १०.३०

पणजीहून. डेस्कटॉप आहेत तर डब्याच्या आत बसणारं पीसीआय एक्सप्रेसचं वायफाय कार्ड का नको? यूएसबी डोंगलपेक्षा कधीही स्थिर. इंटेलची एएक्स२०० किंवा एएक्स२१० असलेलं कार्ड घ्या, मागे दोन अँटेना येतात. इंटेल आपले ड्रायव्हर स्वतः कर्नलमध्ये ठेवते. एएक्स२०० ला ५.१ पासूनचा कर्नल चालतो, एएक्स२१० ला ५.१० पासूनचा. म्हणजे तुमच्या ५.१५ वरसुद्धा दोन्ही चालतील.

फक्त एएक्स२०१ आणि एएक्स२११ चुकून घेऊ नका. नावं जुळ्यासारखी आहेत, पण त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या ठरावीक नव्या प्रोसेसरच्या संचात असतो. चौथ्या पिढीच्या मशीनवर ती कार्डं मुकी राहतील.

आणि ऑफिसचे डेस्कटॉप बहुधा अर्ध्या उंचीचे असतात. कार्डाबरोबर छोटी पट्टी येते का ते विचारून घ्या, नाहीतर झाकण बसत नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी जाता जाता : आतलं कार्ड बदलणार असाल तर काही जुन्या लॅपटॉपचा बायोस ठरावीक कार्डं सोडून बाकीची नाकारतो. आधी आपल्या मॉडेलबद्दल शोधून घ्या.

पारावरचा वाचक | सोमवार, रात्री ९.३०

@मांडवीकाठ, सल्ला पटला, पण चार कार्डांचा खर्च आत्ता झेपणार नाही. पुढच्या वर्गणीच्या वेळी नक्की विचार करेन.

@निळा शाईपेन, 'तुमच्या मागे वाचनालय कोण चालवणार' हे वाक्य आज दिवसभर डोक्यात होतं. आमच्याकडे दहावीतली दोन मुलं आहेत, तीच उद्या हे सांभाळणार. त्यामुळे गिटहबचा रस्ता बंद.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे एका पीसीवर फोन जोडून ६.८ कर्नल टाकला. रीस्टार्ट केलं, मोडस्विच टाकलं, डोंगल लावलं आणि राउटरचं नाव दिसलं! उद्या उरलेल्या दोनांवर.

चहापोळी | सोमवार, रात्री ९.४४

वा! अभिनंदन.

गल्लीतला मेकॅनिक | मंगळवार, सकाळी ९.१५

भिंत दगडी आहे म्हणालात, म्हणून सांगतो. दोन बँड दिसत असतील तर २.४ ला जोडा. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण जाड भिंतीत तो फार लवकर दमतो. आणि राउटरवर २.४ चा चॅनल ऑटोवर न ठेवता १, ६ किंवा ११ असा पक्का करा. ऑटोवर कधी १२-१३ वर गेला तर काही डोंगलांना, सेटिंगमध्ये देश नीट ठरलेला नसल्याने, राउटर दिसेनासा होतो. मग माणूस ड्रायव्हरला दोष देत बसतो.

पारावरचा वाचक | गुरुवार, रात्री ८.५०

चारही चालू झाली, पण दोन तक्रारी आहेत.

एक, पीसी क्रमांक ३ वर सिग्नल फार कमी. शेजारच्या पीसीवर चार कांड्या, याच्यावर एक. डोंगल अदलाबदल करून पाहिली, तरी तीन नंबरवरच कमी.

दोन, सगळ्यांवरच दहा-पंधरा मिनिटं कुणी काही केलं नाही की नेट मंद होतं, पहिलं पान उघडायला खूप वेळ लागतो, मग ठीक.

सुपारीची बाग | गुरुवार, रात्री ९.३५

पहिल्याचं निदान करून बघू. तीन नंबरच्या पीसीवर डोंगल निळ्या पोर्टमध्ये आहे का? निळं म्हणजे यूएसबी ३. यूएसबी ३ च्या वेगवान वहनातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंगाट निर्माण होतो. इंटेलने २०१२ मध्ये स्वतःच यावर कागद प्रसिद्ध केला होता. शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह चालू असेल तर जास्तच. काळ्या पोर्टमध्ये लावा. आणि डोंगल पीसीच्या मागे असेल तर ते पत्र्याच्या डब्याआड बसलंय. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर वर ठेवा. एवढ्याशा केबलने मी लॅबमध्ये जो फरक पाहिलाय तो महागड्या डोंगलने नाही पडला.

दुसरं, वीज वाचवण्याची सोय. नेटवर्क मॅनेजर वायफायला डुलकी घेऊ देतो, आणि छोट्या डोंगलांना त्या डुलकीतून उठायला वेळ लागतो. ईटीसी फोल्डरमध्ये नेटवर्क-मॅनेजर, त्यात कॉन्फ-डी, तिथे डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल आहे. आत पॉवरसेव्हपुढे ३ लिहिलेलं असेल. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. २ करा, सेव्ह करा, रीस्टार्ट. डेस्कटॉपला बॅटरी नाही, तिथे ही बचत हवीच कशाला!

फ्रँकफुर्टकर | शुक्रवार, पहाटे ३.२०

उशिरा आलो, पण एक वेगळी वाट सांगावीशी वाटते, कारण असंच काम मी सुट्टीत कोल्हापूरला मामाच्या दुकानात केलं होतं.

घराघरांत जुने राउटर पडून असतात. त्यांतल्या काहींना 'क्लायंट' किंवा 'ब्रिज' मोड असतो. म्हणजे तो राउटर स्वतः वायफाय न देता दुसऱ्याचं वायफाय घेतो आणि मागच्या चार लॅन पोर्टमधून पुढे देतो. मूळ सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसेल आणि मॉडेल ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या यादीत असेल तर ते टाकता येतं. तो राउटर मागच्या खोलीत दारासमोर उंचावर ठेवायचा आणि चारही पीसींना आखूड लॅन केबल. दार ओलांडायला एकही वायर नाही. पीसींवर वायफायचा ड्रायव्हर हा विषयच उरत नाही, कारण लॅन पोर्ट लिनक्सवर क्वचितच अडतो. राउटरची अँटेनाही नखाएवढ्या डोंगलपेक्षा पुष्कळ बरी.

गावात कुणी फायबर घेतल्यावर माळ्यावर टाकलेला राउटर असेलच. विचारून बघा.

निळा शाईपेन | शुक्रवार, सकाळी ८.१०

@फ्रँकफुर्टकर, हे फार चांगलं सुचवलंत. मला इतकी वर्षं सुचलं नाही.

तळ्याकाठी | शुक्रवार, दुपारी १.००

धागा वाचतेय. मला घरच्या लॅपटॉपसाठी एकच डोंगल घ्यायचंय, मिंट २२ आहे. थोडक्यात कुणी सांगेल का कोणती चिप शोधू? इतकं सगळं समजून घेण्याएवढा वेळ नाही, माफ करा.

सुपारीची बाग | शुक्रवार, दुपारी २.२०

माफी कसली, प्रश्न रास्त आहे. मिंट २२ म्हणजे कर्नल ६.८ किंवा पुढचा.

फक्त २.४ पुरत असेल आणि स्वस्त हवं असेल तर एमटी७६०१यू. दोन्ही बँड हवे आणि वर्षानुवर्षं त्याकडे बघायला लागू नये असं वाटत असेल तर एमटी७६१२यू, ती २०१८ पासून म्हणजे ४.१९ पासून कर्नलमध्ये आहे. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला हीच आहे. वायफाय ६ हवंच असेल तर एमटी७९२१एयू, ५.१८ पासून. ही शेवटची महाग पडते आणि यूएसबी ३ पोर्टमध्येच तिचा खरा उपयोग.

रिअलटेक टाळाच असं मी आता म्हणत नाही. ६.२ नंतर त्यांच्या बऱ्याच यूएसबी चिपा आत आल्यात. फक्त नेमकी कुठली चिप आणि आपला कर्नल त्यापुढचा आहे का, एवढं जुळवून बघा. वस्तूच्या पानावर चिपचं नाव नसेल तर विक्रेत्याला प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर दुसरीकडे घ्या. परत करण्याची मुदत आहे ना, तेही बघा, आणि आल्या दिवशीच एलएसयूएसबी करा.

तळ्याकाठी | शुक्रवार, दुपारी २.३१

एमटी७६१२यू शोधते. खूप आभार, ताई.

पारावरचा वाचक | पुढचा रविवार, सायंकाळी ६.४०

मंडळी, शेवटचं सांगायला आलोय.

तीन नंबरचं डोंगल निळ्या पोर्टमध्येच होतं, तेही मागच्या बाजूला. एक्स्टेंशन केबल घेतली, काळ्या पोर्टमध्ये लावून डोंगल पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं. आता तिथेही चार कांड्या. पॉवरसेव्ह चारही ठिकाणी २ केलं, डुलकीची तक्रार गेली.

दुकानदाराकडे काल परत गेलो होतो. भांडायला नाही. लॅपटॉप नेला, त्याच्या काउंटरवर त्याच खोक्यातली आणखी पाच डोंगल लावून बघितली. तीन १४८एफ:७६०१ निघाली, दोन ०बीडीए:१ए२बी. त्याने स्वतःच पेनने खोक्यांच्या मागे खूण केली. म्हणाला, कॉलेजची पोरं लिनक्ससाठी विचारतात, आता मला सांगता येईल. एक खूण केलेलं ७६०१ जास्तीचं म्हणून घेऊन आलो.

फ्रँकफुर्टकर, राउटरही मिळाला. पतसंस्थेत पडून होता. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत त्याचं मॉडेल आहे, पण व्हर्जन बघायला खालचं स्टिकर निम्मं फाटलंय. दहावीतली दोघं परीक्षा संपली की त्यावर बसणार आहेत, तोपर्यंत मी हात लावत नाही.

आणि एक. मराठी विश्वकोशाचं काम आमच्या वाईतूनच उभं राहिलं, लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. वाचनालयात त्याचे काही खंड आहेत, सगळे नाहीत. काल चौथीतल्या एका मुलीला 'वटवाघूळ' हवं होतं आणि नेमका तो खंड आमच्याकडे नाही. तीन नंबरच्या पीसीवर विश्वकोशाची साइट उघडून दिली. तिने वहीत पूर्ण नोंद उतरवून घेतली, प्रिंट देतो म्हटलं तर नको म्हणाली.

व्हर्जन ओळखण्यासाठी राउटरच्या आतल्या बोर्डावर काही छापलेलं असतं का? झाकणाचे स्क्रू काढावे का, कुणी सांगेल?

गल्लीतला मेकॅनिक | पुढचा रविवार, सायंकाळी ७.०५

आधी उघडू नका. राउटर चालू करून त्याचं सेटिंगचं पान उघडा, 'स्टेटस' मध्ये हार्डवेअर व्हर्जन बहुतेकदा लिहिलेलं असतं. तिथे नसेल तर मग बोर्ड. स्क्रू रबरी पायांच्या खाली असतात, पाय ओढून काढू नका, हेअर ड्रायरने जरा गरम करून उचला. फोटो इथे टाका, बघून सांगतो.